मज्जारज्जूच्या इजेनंतरचा व्यायाम : वाचकांचे प्रश्न

या वेळी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली चार पत्रे एकाच विषयावरची असल्याने संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे पती यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. आठ महिन्यांपूर्वी पत्र्याच्या छपरावरून पडून त्यांचा डी-१० (पाठीचा दहावा) मणका मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण कमरेखाली हालचाल नाही. मात्र रात्री दोन्ही पाय आपोआप आखडतात, कधी उडतात, त्यामुळे पायांत जीव येत आहे असे सासूबाईंना वाटते. बाहेरगावच्या एका केंद्राने तीन महिने रोज चार तास व्यायाम, यंत्रावर चालणे आणि सोबत स्टेम सेलची इंजेक्शने असा कार्यक्रम सांगितला आहे. त्यासाठी गावाकडची जमीन विकावी लागेल. काय करावे?
— एक भगिनी, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : ताई, जमिनीचा व्यवहार आधी थांबवा. तो कधीच करू नये असे मी म्हणत नाही, परंतु एका तपासणीचे उत्तर हातात आल्याशिवाय तो करू नये, हे निश्चित.

पाय आखडणे आणि उडणे याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो आणि त्यातील प्रतिक्षिप्त क्रिया चालू असतात. वरून मेंदूचा जो लगाम असायचा तो तुटल्यामुळे चादर ओढली, लघवीची पिशवी भरली किंवा पायाला गार वारा लागला तरी स्नायू ताडकन आखडतात. सासूबाईंना ती सुधारणा वाटणे स्वाभाविक आहे; या आजारात मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात तसेच वाटलेले असते. खरी हालचाल ओळखायची असेल, तर पाय शांत असताना "उजव्या पायाचा अंगठा वर करा" असे सांगावे, आणि सांगितल्यावर तोच अंगठा, त्याच वेळी, पुन्हा पुन्हा हलतो का, ते पाहावे. आखडणे अचानक वाढले, तर मात्र लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अंगठ्याचे आत वाढलेले नख किंवा बसण्याच्या जागेवरची जखम शोधावी, कारण रुग्णाला तेथे दुखत नसल्याने शरीर तक्रार करते ती अशी.

आता तपासणीविषयी. मज्जारज्जूच्या इजेची ए ते ई अशी श्रेणी ठरवण्याची पद्धत जगभर वापरली जाते. तीत दोन्ही बाजूंच्या ठरावीक जागी टाचणी आणि कापूस लावून संवेदना पाहतात, ठरावीक स्नायूंची ताकद मोजतात आणि शेवटी गुदद्वाराजवळची संवेदना व आकुंचन तपासतात. ही शेवटची पायरी संकोचापोटी अनेकदा गाळली जाते, आणि नेमके तेथेच इजा पूर्ण की अपूर्ण हे ठरते. तेथे काहीही शिल्लक नसेल तर श्रेणी ए. संवेदना आहे पण हालचाल नाही तर बी. हालचाल आहे पण बहुतेक स्नायू दुबळे आहेत तर सी. आणि निम्मे किंवा त्याहून अधिक स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलू शकतात तर डी. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावतो, म्हणून आठव्या महिन्यातील ए आणि आठव्या महिन्यातील सी यांना एकच कार्यक्रम विकणारे केंद्र मुळात तपासणीच करत नाही, असे समजावे.

यंत्रावर टांगून चालवण्याचा सराव खोटा नाही. अपूर्ण इजेत त्याचा उपयोग होतो. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातील १४६ रुग्णांच्या चाचणीत इजा नुकतीच झालेल्यांपैकी काहींना पट्ट्याने टांगून ट्रेडमिलवर १२ आठवडे चालवले आणि बाकीच्यांना तितकाच वेळ साध्या जमिनीवर सराव दिला, तेव्हा चालण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. सी आणि डी श्रेणीतील बहुसंख्य लोक दोन्हीकडे चालू लागले. म्हणजे काम केले ते शिल्लक राहिलेल्या मज्जातंतूंनी आणि सरावाने. यंत्राची किंमत त्यात दुय्यम ठरली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये जुन्या इजेच्या रुग्णांना पूर्ण शरीराचा कसून व्यायाम देऊन पाहिला, त्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही केवळ हातांच्या व्यायामापेक्षा मज्जातंतूंची अधिक सुधारणा दिसली नाही. स्टेम सेलविषयी तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत : या आजारासाठी मंजूर संशोधनाबाहेर, पैसे घेऊन असे उपचार करणे अनैतिक मानले आहे. ज्या केंद्राने हे इंजेक्शन व्यायामाच्या पॅकेजमध्ये घातले, त्याच्या व्यायामावरही मी विश्वास ठेवणार नाही.

मग करायचे काय? डी-१० पातळीला हात आणि छातीचे स्नायू पूर्ण शाबूत असतात. त्यामुळे श्रेणी ए निघाली तरीही तुमचे पती पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर आणि रिक्षात स्वतःहून जाऊ शकतील, इतकी तयारी होण्याजोगी आहे, आणि व्यायामाचे पहिले ध्येय तेच असावे. आधाराविना बसणे, हात टेकून बूड उचलणे, फळीवरून सरकणे, कुशीवर वळणे हे सर्व सिव्हिलच्या फिजिओथेरपी विभागात शिकता येते; दाखल होऊन पूर्ण पुनर्वसन हवे असेल तर मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पायांना कॅलिपर (आधाराचे पट्टे) लावून वॉकरने उभे राहता येते आणि थोडे चालताही येते, पण त्यात इतकी दमछाक होते की बहुतेक जण रोजच्या कामांसाठी खुर्चीच निवडतात. जमिनीच्या पैशांतील एक लहानसा भाग घराचा उंबरा काढून उतार करण्यास, न्हाणीचे दार रुंद करण्यास आणि चांगल्या गादीच्या खुर्चीस लावलात, तर त्याचे फळ पुढच्याच महिन्यात दिसेल.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ विहिरीत सूर मारताना मानेवर आपटला. सी-६ (मानेच्या सहाव्या) पातळीची इजा असल्याचे सांगितले. त्याचे मनगट वर उचलले जाते, पण बोटे हलत नाहीत आणि ती थोडी वळलेली असतात. वडील रोज तेल लावून बोटे आणि मनगट मागे ताणून पूर्ण सरळ करतात. बसवले की त्याला चक्कर येते. येत्या उन्हाळ्यात व्यायाम चालू ठेवावा का?
— एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : वडिलांना आजच थांबवा, मात्र रागावून नव्हे. सी-६ पातळीच्या रुग्णाने मनगट वर उचलले की आखूड राहिलेले बोटांचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आपोआप ओढले जातात, बोटे मिटतात आणि अंगठा तर्जनीला येऊन टेकतो; मनगट खाली सोडले की मूठ उघडते. या पकडीवर तो पुढे पेला धरील, ब्रश धरील, भाकरीचा तुकडा उचलील. मनगट आणि बोटे दोन्ही एकदम मागे ताणली की कंडरे सैल पडतात आणि ही पकड कायमची जाते. नियम असा : मनगट वर असेल तेव्हा बोटे मिटलेली, बोटे सरळ करायची असतील तेव्हा मनगट खाली. हातावर भार देऊन बसवतानाही तळहात पसरून टेकवू नये, बोटे मिटलेली ठेवून टेकवावा.

चक्कर येते ती रक्तदाब घसरल्यामुळे. पोटाला रुंद पट्टा बांधावा, पलंगाची डोक्याकडची बाजू दिवसागणिक थोडी थोडी वर करावी, आणि खुर्चीत डोळ्यांपुढे अंधारी आली तर खुर्ची मागच्या चाकांवर कलती करून त्याला आडवे करावे.

याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा आहे आणि तो घरातील प्रत्येकाला माहीत हवा. डी-६ किंवा त्यावरच्या इजेत कॅथेटरची (लघवीची) नळी मुडपली, आतड्यात मळ साठला किंवा अंगाखाली काही रुतले, तर रक्तदाब एकाएकी भडकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो. अशा वेळी त्याला ताबडतोब ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, पट्टा व कपडे सैल करावेत, नळी तपासावी, आणि लगेच उतार पडला नाही तर रुग्णालय गाठावे. तेथे सांगावे की याचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० च्या दरम्यानच असतो. अन्यथा १४० आकडा पाहून "थोडाच वाढला आहे" म्हणून परत पाठवले जाण्याची शक्यता असते. लघवी काढून झाल्यानंतरच व्यायाम सुरू करण्याची सवय लावली, तर असे प्रसंग पुष्कळ कमी होतात.

उन्हाळ्याचे म्हणाल, तर आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो आणि तुमच्या भावाला इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे त्याचे शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. व्यायाम चालू ठेवावा, परंतु पहाटे; मानेवर ओला टॉवेल ठेवावा, अंगावर पाण्याचा फवारा मारून पंखा लावावा, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी मुळीच ठेवू नये.

प्रश्न : मी बारा वर्षे चाकाच्या खुर्चीवर आहे (डी-१२). शिवणकाम करते. हल्ली दोन्ही खांदे दुखतात. आता चालण्याची आशा नाही, मग व्यायाम कशासाठी?
— एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : खांद्यांसाठी, हृदयासाठी आणि साखरेसाठी. तुमचे खांदे आता पायांचेही काम करतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून किमान दोनदा २० मिनिटे दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, इतके पुरेसे आहे. हृदय व चयापचयासाठी आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे. सकाळी सपाट रस्त्यावर खुर्ची जोरात चालवणे हा तुमचा दमाचा व्यायाम. ताकदीसाठी खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो स्वतःकडे ओढावा, म्हणजे पाठीचे स्नायू बळकट होतील. छातीपुढचे स्नायू खुर्ची ढकलून आधीच आखडलेले असतात, ते ताणावेत. चाकाला लहान लहान झटके देण्याऐवजी लांब, सावकाश ढकलावे. बसण्याच्या जागेवरचा दाब कमी करण्यासाठी हातांवर अंग उचलण्याऐवजी पुढे मांड्यांवर ओणवे व्हावे आणि दोनेक मिनिटे तसेच राहावे. त्याने खांदे वाचतात आणि रक्तपुरवठाही अधिक वेळ मिळतो.

आशेविषयी इतकेच : डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे खेळाला उपचारात स्थान दिले, ते रुग्ण चालू लागतील म्हणून नव्हे. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले.

प्रश्न : कमरेखाली संवेदना नसलेल्या वडिलांना व्यायामापूर्वी गरम विटेचा शेक द्यावा का? टाचेला काळा डाग पडला आहे.
— एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : शेक अजिबात देऊ नये, भाजले तरी त्यांना कळणार नाही, आणि अशा भाजण्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. टाचेचा काळा डाग हा दाबाने मेलेल्या त्वचेचा असू शकतो, म्हणून याच आठवड्यात शल्यचिकित्सकांना दाखवावा. तोवर घरातील सोलापुरी चादरीची जाड घडी पोटऱ्यांखाली अशी ठेवावी की टाचा गादीला न टेकता अधांतरी राहतील, आणि दर दोन तासांनी कूस बदलावी. पायांचे सांधे हलवण्याचा व्यायाम चालू ठेवावा, पण गुडघा जोर लावून वाकवू नये. वापराअभावी हाडे ठिसूळ होतात आणि गुडघ्याजवळ मोडतात. वेदना नसल्याने सुजेवरूनच ते लक्षात येते. एखादा पाय अचानक सुजला आणि गरम लागला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे : हाड मोडलेले असू शकते किंवा शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि दोन्हींत पाय चोळणे घातक आहे.