पॅकेज जाहीर झालं, पैसे कुठे आहेत?

वाचकांचे प्रश्न : सरकारी पैशाचा हिशेब

प्रश्न : सप्टेंबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली, तेव्हा आमच्या भागातल्या कामाचं नाव पेपरात आलं होतं. अजून कुदळ पडलेली नाही. कचेरीत विचारलं की ‘मंजूर आहे’ एवढंच सांगतात. नेमकं काय मंजूर आहे ते कसं ओळखायचं?
(एक वाचक, सेलू, जि. परभणी)

उत्तर : ‘मंजूर’ हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना लावतात, सगळा घोळ तिथून सुरू होतो. त्या बैठकीत मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून अधिकची घोषणा झाली आणि सिंचन प्रकल्पांच्या सुमारे १४ हजार कोटींच्या ‘सुप्रमा’ची भर पडली. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. जुन्या प्रकल्पाचा खर्च वाढला, तर वाढलेल्या आकड्याला दिलेली ही संमती. तिच्यामुळे तिजोरीतून एक रुपयाही सुटत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात याच शहरात झालेल्या बैठकीतही ४९ हजार कोटींच्या घरातला आकडा जाहीर झाला होता.

प्रशासकीय मान्यता म्हणजे ‘हे काम एवढ्या रकमेत करायला हरकत नाही’. तांत्रिक मान्यता म्हणजे अभियंत्याने अंदाजपत्रक तपासलं. तरतूद म्हणजे विधानसभेने त्या वर्षापुरती मतदानाने दिलेली खर्चाची परवानगी. ती ३१ मार्चला संपते, उरली तर पुढच्या वर्षी नव्याने मागावी लागते. वितरण म्हणजे त्या तरतुदीतला जो हिस्सा अर्थ खात्याने प्रत्यक्ष सोडला तो. तुमच्या कामापाशी यातलं पहिलंच आहे की तिसरंही आहे, एवढं आधी काढा.

त्यासाठी शासन निर्णय मिळवा आणि शेवटची कलमं आधी वाचा. ‘सदर खर्च अमुक लेखाशीर्षाखाली भागवावा’ असं वाक्य आणि सोबत आठ अंकी संकेतांक असतो. लेखाशीर्ष म्हणजे सरकारी हिशेबातला त्या खर्चाचा कप्पा. पहिले चार अंक मुख्य लेखाशीर्षाचे. २ किंवा ३ ने सुरू झाले तर महसुली खर्च, ४ किंवा ५ ने तर भांडवली. म्हणून ३०५४ हे रस्त्यांच्या देखभालीचं आणि ५०५४ नव्या रस्त्या-पुलांचं. आपल्याकडे गावोगाव ‘पंचवीस-पंधराचा सभामंडप’ म्हणतात, ते २५१५ हेच ग्रामविकासाचं लेखाशीर्ष. लोकांना ही भाषा आधीच येते, फक्त ती कागदावर चालवून पाहत नाहीत. हा आठ अंकी संकेतांक राज्याच्या ‘बीम्स’ या संकेतस्थळावर शोधला की त्या योजनेची वर्षाची तरतूद, वितरण आणि खर्च असे तीन आकडे दिसतात. तरतूद मोठी आणि वितरण निम्म्यावर असेल, तर अडथळा मुंबईत आहे. वितरण पूर्ण आणि खर्च शून्य असेल, तर जिल्ह्यात: भूसंपादन, निविदा नाहीतर वन खात्याची परवानगी.

एक धोका इथे सांगायला हवा. पुष्कळ कामं ‘लाक्षणिक’ तरतुदीवर, कधी अवघ्या हजार रुपयांवर, अर्थसंकल्पात घुसवलेली असतात. नाव छापलं जातं, भूमिपूजन होतं. समजा १२ कोटींच्या कामाला वर्षाला ६० लाख मिळाले, तर ते २० वर्षांचं काम झालं. ठेकेदार बिल अडकल्यावर यंत्रं उचलून नेतो, दरम्यान भाववाढ आणि भूसंपादनाचं व्याज चढतं, आणि मग पुन्हा सुप्रमा. सिंचनाचं काम असेल तर आणखी एक अडचण आहे. पैसे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाला भागभांडवल म्हणून एकत्र जातात. तुमच्या धरणाच्या वाट्याला किती आले, ते प्रकल्पनिहाय यादीत असतं आणि ती महामंडळाकडे मागावी लागते.

मागायची ती माहिती अधिकारात मागा. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. ‘काम का रखडलं’ असं विचारलंत तर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं. ‘या संकेतांकावर या कामासाठी २०२३-२४ पासून वर्षनिहाय तरतूद, वितरण व खर्चाच्या नोंदींच्या प्रती’ मागितल्या तर टाळणं अवघड जातं.

आमदारांनाही तोच मजकूर द्या. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, ‘हे खरे आहे काय’ या साच्यात असतो, आणि ढिसाळ प्रश्नाला ‘अंशतः खरे आहे’ नाहीतर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर येऊन विषय मिटतो. आकडा विचारला तर आकडाच द्यावा लागतो. मंत्र्यांनी सभागृहात मुदत देऊन शब्द दिला, तर तो आश्वासन समितीच्या यादीत जातो. कार्यवृत्तातलं ते वाक्य जपून ठेवा.

प्रश्न : जलयुक्त शिवारवर ‘कॅग’चा अहवाल आला, त्यात बीडचंही नाव होतं. पुढे कोणावर काय झालं?
(एक शेतकरी, केज, जि. बीड)

उत्तर : ‘कॅग’ म्हणजे सरकारी हिशेब तपासणारा भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक. जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेवरचा त्याचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. ९,६३३.७५ कोटी खर्चूनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करणं आणि भूजल वाढवणं यांवर योजनेचा फारसा परिणाम झाला नाही, असा अहवालाचा रोख होता. सरकारने त्यानंतर चौकशीही लावली, पण ती वेगळी वाट आहे. तुम्ही विचारता ती वाट विधिमंडळाची.

महालेखापरीक्षकाला शिक्षा करण्याचा अधिकारच नाही. घटनेच्या कलम १५१ नुसार त्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि सभागृहासमोर ठेवला जातो. तिथून तो लोकलेखा समितीकडे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे जातो. समिती अहवालातले परिच्छेद निवडते, खात्याकडून लेखी स्पष्टीकरण मागवते, सचिवांना साक्षीला बोलावते, शिफारशी करते. त्यावर खात्याने काय केलं याचा कार्यवाही अहवाल नंतर येतो. गळती दोन ठिकाणी होते. एक, सगळे परिच्छेद तोंडी साक्षीपर्यंत पोचत नाहीत. दोन, २०१५-१६ मध्ये खोदलेल्या चराबद्दल साक्ष होते तेव्हा तो अधिकारी बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेला असतो, आणि खुर्चीवरचा नवा सचिव कागद पाहूनच बोलतो.

शिवाय हे नमुना लेखापरीक्षण असतं. निवडक गावं पाहिली जातात, तुमचं गाव त्यात नसेल तर अहवालात तुमच्या बंधाऱ्याबद्दल अवाक्षर सापडणार नाही. म्हणून परिच्छेद वाचा आणि त्यातली त्रुटी स्वतःच्या गावात लावून पाहा: मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहायची कचेरीतली वही) लांबी-खोली आणि जागेवरची लांबी-खोली, एवढी तुलना पुरते. तफावत निघाली तर पुराव्यासह नागपूरच्या महालेखाकार (लेखापरीक्षा) कार्यालयाला कळवा. मराठवाडा त्यांच्याच कार्यक्षेत्रात येतो. ते तुमची तक्रार ‘निकाली’ काढणार नाहीत, पण पुढच्या तपासणीची जागा ठरवताना अशी पत्रं कामाला येतात.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेत ‘पीआरसी’ येणार म्हणून भिंती रंगवतात, फायली बांधतात. ती समिती पाहते काय?
(ग्रामपंचायत सदस्य, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : पंचायती राज समिती ही विधिमंडळाचीच समिती. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या लेखापरीक्षणातले आक्षेप तिच्यापुढे असतात, रंग नव्हे. तीन शब्द ध्यानात ठेवा: आक्षेप, अनुपालन, वसूलपात्र. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग आक्षेप काढतो, कचेरीने अनुपालन, म्हणजे त्या आक्षेपाचं उत्तर द्यायचं असतं, आणि ते पटलं नाही तर रक्कम वसूलपात्र ठरते. दौऱ्याआधी आपल्या ग्रामपंचायतीचे प्रलंबित आक्षेप वर्षनिहाय मागून घ्या. दहा वर्षांपूर्वीचा आक्षेप ‘अभिलेखे सापडत नाहीत’ या शेऱ्याने अडकलेला दिसला, तर तो सदस्यांच्या हाती लेखी द्या. तोंडी गाऱ्हाणं चहापाण्यात विरतं.

प्रश्न : वैधानिक विकास मंडळ गेल्याने नेमकं काय गेलं?
(निवृत्त शिक्षक, हिंगोली)

उत्तर : प्रदेशाच्या विकासावर लक्ष ठेवणाऱ्या या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. निधीवरची चर्चा खूप झाली, पण घटनेच्या कलम ३७१(२) मधली एक अट फारशी कोणी बोलत नाही: मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणं बंधनकारक होतं. मराठवाड्याला किती मिळालं याचा स्वतंत्र कागद सभागृहात यायची ती सोय होती. अनुशेष, म्हणजे इतरांच्या तुलनेत मागे राहिलेला विकास, मोजण्याचं काम १९८४ च्या दांडेकर समितीने केलं (राज्याचा आकडा ३,१८६ कोटी), केळकर समितीने २०१३ मध्ये वेगळी मांडणी दिली. पण समितीचा अहवाल एकदाच येतो. आता तोच हिशेब खात्या-खात्यांच्या आकड्यांतून जुळवावा लागतो, आणि पुष्कळ योजनांचे आकडे विभागवार छापलेलेच नसतात.

प्रश्न : पुरवणी मागण्या एवढ्या मोठ्या का? आणि विधान परिषदेचे सदस्य त्या अडवू शकतात का?
(विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : अडवू शकत नाहीत. मागण्यांवर मत फक्त विधानसभेचं. परिषदेने विनियोजन विधेयक (तिजोरीतून पैसे काढायची परवानगी देणारं) १४ दिवसांत परत करायचं असतं, नाही केलं तरी ते संमत धरलं जातं.

मोठ्या का, तर मूळ अर्थसंकल्पात न बसलेलं नंतर आणलं जातं. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यात लाडकी बहीण योजनेचा वाटा मोठा होता. चर्चेला वेळ तुटपुंजा मिळतो. प्रत्येक मागणीखाली कारण छापलेलं असतं, ते वाचा. आणि मार्चअखेर खर्च अचानक उसळलेला दिसला, तर पैसे ८४४३ या ठेवींच्या शीर्षाखालच्या पी.एल. (पर्सनल लेजर, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे चालणाऱ्या) खात्यात तर वळवले नाहीत ना, ते विचारा. तिथे गेलेली रक्कम पुस्तकात खर्ची पडलेली दिसते, प्रत्यक्षात ती तशीच पडून असते.