ग्रीसमध्ये वाइन चाखायला पाच दिवस आहेत, कुठे जावं?

पाच दिवसांत नेमेआ, मांतिनिया आणि सांतोरिनी बेट, एवढंच धरा. उत्तरेतलं नाउसा सुंदर आहे, पण या खेपेला सोडा; धावपळीत जीभही थकते.

नेमेआ अथेन्सहून गाडीने दीड-दोन तासांवर. इथलं द्राक्ष अगियोर्गितिको, त्याची लाल वाइन मऊ आणि फळाळ. मळ्यांजवळच झ्यूसच्या जुन्या मंदिराचे खांब उभे आहेत. मांतिनियाचं पठार सुमारे ६५० मीटर उंचीवर. तिथल्या मोस्कोफिलेरो द्राक्षाच्या वाइनला गुलाबाचा वास येतो. एक दिवस पुरे.

दोन दिवस मात्र सांतोरिनीलाच द्या. मांडवावरची द्राक्षं पाहणाऱ्या नाशिककराला तिथला मळा आधी मळाच वाटणार नाही. वेल जमिनीलगत गोल गोल वळवून टोपलीसारखी विणलेली असते. वाकून आत पाहा, घड त्या टोपलीच्या पोटात असतात. वारा आणि ऊन फार, म्हणून ही युक्ती. ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत फिलोक्सेरा ही कीड टिकत नाही, त्यामुळे वेली कलमाशिवाय स्वतःच्याच मुळांवर वाढतात, काहींची मुळं तर फारच जुनी. इथलं द्राक्ष असिर्तिको, त्याची वाइन कडक आंबट, जरा खारट. तळलेल्या मासळीबरोबर घ्याच. शेवटी द्राक्षं उन्हात वाळवून केलेली गोड विनसांतो.

सांतोरिनीची तोडणी ऑगस्टमध्येच सुरू होते, नेमेआची सप्टेंबरात. तेव्हा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. दिवसाला दोनच वाइनरी ठेवा, आधी वेळ ठरवून जा. आणि चाखून गाडी चालवू नका, ड्रायव्हर ठरवाच.