देते गं

"मॅडम, मी चिकट आहे का?"

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत, खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने हे विचारलं. मूळची साताऱ्याची, वय चोवीस, पुण्यात आयटीत नोकरी. कर्वेनगरला टू बीएचकेमध्ये चौघी राहायच्या, एकेका खोलीत दोघी. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तक्रार झोपेची होती. रात्री दोन-अडीचला जाग यायची, हात मोबाइलकडे जायचा आणि ती पेमेंट ॲप उघडून बघायची, 'तिने' पैसे पाठवले का.

'ती' म्हणजे पलीकडच्या खोलीतली नाशिकची मुलगी. मार्चअखेर तिने भाड्याने एसी आणून आपल्या खोलीत बसवला. तोवर लाइट बिल तेराशेच्या आसपास यायचं, एप्रिलचं आलं 4,640. नाशिकची म्हणाली, नेहमीसारखे चार भाग करू. आणि तो चौथा भागही तिने दिला नाही. आठवण केली की उत्तर एकच, "देते गं." वायफाय, सिलिंडर, मावशींचा पगार असं साठत साठत सहा हजारांच्या वर गेलं होतं.

मागितलं तर मैत्री तुटेल, नाही मागितलं तर आतल्या आत कुढायचं. ही काळजी घेऊन माझ्याकडे पुष्कळ मुलंमुली येतात, आणि बहुतेकदा आलेली व्यक्ती बिल आधी स्वतःच्या खिशातून भरणारी असते. मीटर घरमालकाच्या नावावर, डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलेलं. बिल थकलं तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. याची ज्याला सगळ्यात जास्त धास्ती असते तो भरून मोकळा होतो, आणि मग वसुलीही त्याच्याच गळ्यात पडते. घरात ही जबाबदारी कुणी कुणाला दिलेली नसते. ती भित्र्या माणसाकडे आपोआप जाते.

दुसऱ्या भेटीला मी तिला बिल आणायला सांगितलं. समुपदेशनात लाइट बिल कशाला, असं तिला वाटलं असणार. पण गोळाबेरीज रक्कम डोक्यात घेऊन भांडणाऱ्या माणसांना मी आधी कागद वाचायला लावते. महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार असतो, तो पंखा न लावताही द्यावा लागतो. वीज आकार टप्प्यांनी चढतो: पहिल्या 100 युनिटांना एक दर, 101 ते 300 ला त्याच्या जवळपास दुप्पट, पुढे आणखी चढा. वर वीज शुल्क, म्हणजे सरकारचा कर. एसी रात्री आठ तास चालला आणि तासाला साधारण एक युनिट धरलं, तरी महिन्याचे 240 होतात. चौघींचे मिळून आधी 140 जायचे. म्हणजे एसीचे सगळेच युनिट महागड्या टप्प्यांत पडले होते.

"म्हणजे मी उगाच कटकट करत नव्हते," ती म्हणाली. चेहरा जरा सैल झाला. मग मी म्हटलं, आता हेच तिला सांगायचं आहे, मला सांगून दाखव.

"सॉरी, तू बिझी असशील, घाई नाहीये, म्हणजे जमलं तर, सॉरी हं, ते लाइट बिलाचं..." वाक्य तिथेच संपलं आणि तिला रडू आलं.

तिच्या आईने एकदा आत्याला शिलाई मशीनसाठी पैसे दिले होते. ते कधीच परत आले नाहीत आणि आईने मागितलेही नाहीत. "मागून पैसे मिळतात, माणसं जातात," असं आई म्हणायची. पण दर दिवाळीला आत्या येऊन गेली की आई दोन दिवस गप्प असायची. ही गप्प आई तिने लहानपणापासून पाहिली होती. पुढचा पाऊण तास आम्ही आईबद्दलच बोललो, बिलाचा विषय निघालाच नाही. खरं काम त्या दिवशी झालं असं मला वाटतं.

नंतर वाक्य तयार झालं ते असं: "एप्रिलच्या लाइट बिलाचे तुझे पैसे बाकी आहेत. एसीच्या वाट्याबद्दलही बोलायचं आहे. रविवारी सकाळी चौघी बसू. तुला काही अडचण असेल तर आधी मला सांग." यात माफी नाही आणि टोमणाही नाही. 'अडचण असेल तर' हे शब्द मी मुद्दाम ठेवायला लावले, कारण पैसे न देणाऱ्याची बाजू आपल्याला ठाऊक असतेच असं नाही.

रविवारची बैठक बिघडली. बोलता बोलता साताऱ्याच्या मुलीने एक वही पुढे केली. सात महिन्यांचा हिशोब, तारखेनिशी. दूध, लिंबू, नाशिकच्या मुलीने वापरलेला शाम्पू, पाहुणी आली त्या दिवशीचा जास्तीचा डबा. नाशिकची मुलगी पैशांवरून चिडली नाही. ती वही पाहून रडली. "सात महिने माझ्याशी हसत बोलत होतीस आणि रात्री हे लिहीत होतीस?"

या वहीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. तोवर मीही नाशिकच्या मुलीला मनातल्या मनात दोषी ठरवून बसले होते, आणि ते चुकलं. तिच्या घरी लाइट बिल वडील भरायचे, तिने ते कधी हातात धरलं नव्हतं. 'देते गं' मध्ये बेफिकिरी होती, फसवणूक नव्हती. आणि माझ्यासमोर बसलेल्या मुलीच्या सोसण्यात नुसता चांगुलपणा नव्हता. तिने मनात खटला चालवला होता, आरोपीला न कळवता. हे मी तिला सांगितलं. तिला लागलं. एक भेट तिने रद्द केली, मग आली.

तोडगा त्यांनी आपापसांत काढला. एसीआधीची सरासरी तेराशे, पण उन्हाळ्यात पंखे जास्त चालतात म्हणून पंधराशे चौघींत सारखे, हे साताऱ्याच्या मुलीनेच सुचवलं. त्यावरचं सगळं एसीच्या खोलीचं. त्या खोलीतली दुसरी, लातूरची, म्हणाली, एसी मी मागितला नव्हता, पण झोपते मीही गारच. ती त्यातला एक तृतीयांश द्यायला तयार झाली. जुनी बाकी दोन हप्त्यांत फिटली. वहीतल्या लिंबू-शाम्पूवर काट मारली. आणि बिल दर महिन्याला वेगळीने भरायचं ठरलं. मला सगळ्यात पटलं ते हे शेवटचं.

पूर्वीसारखं रात्री एकत्र चहा करणं बंद झालं आहे. त्याचं तिला वाईट वाटतं, मलाही वाटतं. झोप मात्र लागते.

जूनचं बिल नाशिकच्या मुलीने भरलं. ग्रुपवर तिचा मेसेज आला, तो साताऱ्याच्या मुलीने मला दाखवला. पैसे पाठवा म्हणून सांगणाऱ्या त्या दोन ओळींत तीनदा 'सॉरी' होतं.

"मी लगेच पाठवले, मॅडम," ती म्हणाली. "त्याच मिनिटाला."