पेन्सिल आधी की कात्री आधी?

प्रश्न : ताई, मी बरेच दिवस कागद कापून कोलाज करतेय. आधी पेन्सिलनं सगळं आखून घेतलं की चित्र शाळेतल्या तक्त्यासारखं ताठ दिसतं, आणि काहीच न ठरवता बसले की अर्ध्यात नुसता पसारा होतो, कागद वाया जातो तो वेगळाच. किती ठरवायचं आणि किती हातावर सोडायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मला विचाराल तर किती ठरवायचं ते सोडा, कुठल्या टप्प्यावर काय ठरवायचं ते बघा. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसचं काम डोळ्यासमोर आणा. 1941 मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर ईझलसमोर फार वेळ उभं राहणं जमेना, खुर्चीत नाहीतर पलंगावर बसून काम, आणि मग हळूहळू कात्रीच मुख्य झाली. आता बघा, त्याचे मदतनीस आधी पांढऱ्या कागदांना ग्वाश लावून ठेवायचे, म्हणजे पोस्टर कलरसारखा पाण्यातला दाट रंग, पण छटा कुठल्या हव्यात ते मातीस ठरवणार. म्हणजे कात्री हातात घ्यायच्या आधीच रंगांचा प्रश्न बराचसा सुटलेला! मग तो थेट रंगीत कागदात कात्री घालायचा. आणि कापलेला तुकडा लगेच चिकटवायचा नाही हं, टाचण्यांनी भिंतीवर लावायचा, बसल्या जागेवरून सांगायचा की जरा वर घे, जरा डावीकडे, असं कितीतरी दिवस चालायचं. मूळ कामांत त्या टाचण्यांची भोकं अजून दिसतात, मला ती फार आवडतात, कारण माणूस किती वेळा विचार बदलत होता ते त्यातच कळतं.

1953 ची 'गोगलगाय' बघा, दोन्ही बाजूंनी पावणेतीन मीटरच्या वर. रंगीत तुकडे सहज भिरकावल्यासारखे वाटतात, पण चिकटवायच्या आधी प्रत्येक तुकड्याची जागा ट्रेस करून घेतली होती, म्हणजे काही हलायला नको. आणि 1952 मधल्या निळ्या बायकांच्या चार चित्रांत ज्याला चौथा नंबर आहे ते खरं तर आधी सुरू केलेलं, त्याच्यासाठी वहीभर रेखाटनं आणि दोन आठवडे कापाकापी, कोळशाच्या रेघा अजून दिसतात त्यात. बाकीची तीन मग त्या मानानं झटपट झाली. हात मोकळा सुटला तो वहीमुळेच.

आपल्याकडे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींचं तेच. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात 1946-47 मध्ये संतांचं भलंमोठं भित्तिचित्र त्यांनी आधी पूर्ण आकाराचं कच्चं रेखाटन न करता केलं, पण त्यामागे किती वर्षांचं बघणं होतं. 1957 च्या सुमारास दृष्टी गेली, तरी नंतर कागद कापून चित्रं केलीच त्यांनी.

तर तुम्ही असं करा. एक दिवस फक्त कागद रंगवायचे, मनासारख्या छटा जमवायच्या, दुसरं काही नाही. जे करायचंय ते, समजा केळीचं पान, वहीत भरपूर वेळा काढा, हाताला वळण बसेपर्यंत, मग वही मिटून बाजूला ठेवा आणि रंगीत कागदावर पेन्सिल टेकवू नका. कापताना कात्री फार फिरवायची नाही, कागद फिरवायचा, रेघ आपोआप वाहती येते. पान कापून झाल्यावर मागे जो भोकाचा कागद उरतो तो टाकू नका प्लीज, कित्येकदा तोच पानापेक्षा चांगला निघतो. सगळं थर्मोकोलच्या शीटवर टाचण्यांनी लावा, मोबाईलवर फोटो काढा, हलवा, परत फोटो. दुसऱ्या दिवशी फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा आणि मगच चिकटवा. चिकटवायची घाई हेच पसाऱ्याचं मुख्य कारण असतं बहुतेक वेळा.

प्रश्न : घोटीव कागदाचा रंग उडतो, काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बाजारातला घोटीव कागद सरावाला ठीक, ठेवायच्या कामाला चांगल्या जाड कागदावर स्वतः रंग लावा, आणि ट्यूबवर तो रंग उन्हात टिकणारा आहे का ते वाचून घ्या. मागच्या बोर्डाकडे पण लक्ष द्या. मातीसच्या 'स्विमिंग पूल' या कागद कापून केलेल्या कामामागचं गोणपाट काळवंडत गेलं आणि न्यूयॉर्कच्या म्युझियमला ते शेवटी बदलावं लागलं, कित्येक वर्षांचं काम झालं ते. तुम्ही अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला बोर्ड घ्या, जरा महाग पडतो पण घ्याच, आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका.