चाळ रिकामी होतेय, कुत्र्या-मांजरांचं काय?

प्रश्न : डॉक्टर, आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली. गणपती झाले की खोल्या खाली करायच्या आहेत. बरेच जण भाड्याने कल्याण-विरारकडे चाललेत. चौकात तीन कुत्री आहेत : लाल्या, काळी आणि म्हातारा वाघ्या. जिन्याखाली दोन भाट्या (मांजरी) आणि त्यांची पिल्लं. सगळी चाळ त्यांना घालते. टेम्पोतून नेऊन तिकडे मोकळ्या जागी सोडू, असं काही जण म्हणतात. शिवाय पहिल्या मजल्यावरचं एक कुटुंब आपला लॅब्रॅडोर इथेच ठेवून जाणार आहे. ‘वॉचमन बघेल’ म्हणे. काय करावं?
— स. म., लालबाग

उत्तर : ताई, टेम्पोचा बेत आधी मोडून काढा. परक्या गल्लीत सोडलेल्या कुत्र्यावर तिथली कुत्री तुटून पडतात, नाहीतर ते घर शोधत हायवेवर येतं. नियमही याच बाजूचा आहे. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदीसाठी उचललेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडावं लागतं. तेव्हा लाल्या आणि काळी लालबागलाच राहणार, असं धरून चाला.

काळीच्या कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तिची नसबंदी करून घ्या. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते. बिल्डर तीन वर्षं म्हणत असेल, तुम्ही पाच धरा. (ती तीन वर्षं मी परळ-लालबागमध्ये बरीच पाहिली आहेत.) तेवढ्यात पत्र्याच्या कुंपणाआड किती वेत होतील ते तुम्हीच मोजा, आणि त्या पिल्लांना घालणारं तिथे कुणी नसेल. महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइन नंबरवर नोंद करा किंवा तुमच्या भागात नसबंदी करणारी संस्था गाठा. ऑपरेशननंतर किमान चार दिवस देखरेखीखाली ठेवतात, शिवाय आधी नंबर लागायला वेळ जातो. म्हणून किल्ल्या देण्याच्या आठवड्यावर ढकलू नका. रेबीजची लस त्याच वेळी टोचून घ्या, पुढे दरवर्षी.

जेवणाचं म्हणाल तर, ‘कुणीतरी घालेल’ यातल्या कुणीतरीवर माझा काडीचा विश्वास नाही. माणूस नक्की करा. समोरच्या चाळीतली एखादी मावशी, चहाची टपरीवाला, चिकनच्या दुकानातला पोऱ्या, जो उद्याही त्याच गल्लीत असणार आहे असा. चाळीच्या ग्रुपवर महिन्याची वर्गणी काढा आणि तांदळाचे, चिकनच्या पायांचे पैसे त्याच्या हातात द्या. निघायच्या आधी काही दिवस त्यालाच घालायला लावा, तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा. कुत्र्यांचे फोटो आणि लसीची कार्डं त्याच्याकडे ठेवा.

वाघ्याला मात्र कुणीतरी घरी न्यावं. जेसीबी आणि डंपरच्या वाटेतून म्हाताऱ्या कुत्र्याला चटकन बाजूला होता येत नाही. एका बिऱ्हाडाने त्याला ठेवावं, बाकीच्यांनी औषधाचे पैसे वाटून घ्यावेत. घरमालकाला आधीच विचारा.

मांजरांचं प्रकरण जास्त अवघड. तोडकाम सुरू झालं की कुत्रं बाहेर पळतं, मांजर आत माळ्यावर नाहीतर जिन्याच्या पोकळीत शिरतं. म्हणून माणसं जाण्याआधी मांजरं निघाली पाहिजेत. एखाद्या संस्थेकडून पिंजरा मागून आणा. पहिले काही दिवस दार बांधून उघडंच ठेवा आणि आत सुके बोंबील टाका. निर्धास्त खायला लागली की मग दार सोडा. पिल्लं आईबरोबरच हलवा, भाट्यांची नसबंदी करा आणि घरं शोधा. नव्या घरी तीन-चार आठवडे दारं-खिडक्या बंद ठेवायला सांगा, नाहीतर मांजर निसटून जुनी जागा शोधत फिरतं.

आता लॅब्रॅडोर. पाळलेलं जनावर उपाशीतापाशी पडेल अशा स्थितीत टाकून जाणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! वडापावच्या भावात धमकी देऊन कोण ऐकणार? त्यापेक्षा मालकांना बसवून सरळ सांगा, की सोफ्यावर वाढलेल्या कुत्र्याला ना रस्ता ओलांडता येतो, ना गल्लीतल्यांशी भांडता येतं, आणि वॉचमन तर चाळीबरोबरच बदलणार. घर शोधायला तुम्ही मदत करा, पण ‘फुकट द्यायचा आहे’ असा मेसेज फिरवू नका. पिल्लं विकायचा धंदा करणारे अशाच मेसेजवर टपलेले असतात. नसबंदी करूनच द्या आणि घेणाऱ्याचं घर डोळ्यांनी पाहून या.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गेटाशी मी दोन कुत्र्यांना रोज घालते. कमिटीने ५०० रुपये दंडाची नोटीस दिली आहे. हे चालतं का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : दंडाला २०२३च्या नियमांत आधार नाही. उलट जागा आणि वेळ ठरवून सोय करून देणं ही सोसायटीचीच जबाबदारी आहे. पण ती जागा येण्याजाण्याच्या दारापासून, जिन्यापासून, मुलांच्या खेळण्यापासून लांब हवी, असंही तेच नियम म्हणतात. म्हणजे गेटाबद्दल कमिटी बरोबर आहे आणि दंडाबद्दल तुम्ही. मागच्या बाजूची, पंपाच्या खोलीजवळची वगैरे जागा तुम्हीच सुचवा, लेखी. खाऊन झालं की भांडं उचला, फरशी धुवा; निम्म्या तक्रारी त्या सांडलेल्या भाताच्या असतात. आणि सोसायटीबाहेर रस्त्यात कुठेही घालू नका. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात, पालिकेने ठरवून दिलेल्या जागीच घाला, असं सांगितलं आहे. बाकी कुत्र्यांवरून भांडणं या शहराला नवी नाहीत. १८३२ साली कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून पारशी मंडळींनी फोर्टात दंगल केली होती. तुमची कमिटी त्या मानाने सोपी.

प्रश्न : गाडीखाली मांजराचं पिल्लू सापडलं. गाईचं दूध देऊ का?
— इयत्ता सातवी, दादर

उत्तर : नको रे, हगवण लागेल. आधी लांब उभा राहून दोन-तीन तास वाट बघ, आई शिकारीला गेलेली असू शकते. ती आलीच नाही तर पिल्लाला फडक्यात गुंडाळून ऊब दे आणि जनावरांच्या दवाखान्यात ने. मांजरांच्या पिल्लांची दुधाची पावडर वेगळी मिळते. पाजताना त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नकोस, दूध छातीत जातं. पोटावर ठेवून पाज. आणि गाडीवाल्या काकांना सांग, सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.