वडिलांचे चाळीस लाख

(सार्वजनिक संस्था, देणग्या आणि हिशेब यांविषयीचे वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमचे वडील 78 वर्षांचे आहेत. आधी मोंढ्यात आडत, मग डाळ मिल, असा त्यांचा प्रवास. व्यवसाय सांभाळत त्यांनी गावच्या संगीत सभेचा खर्च उचलला, वाचनालयाला दरवर्षी पैसे दिले, दुष्काळात स्वतःच्या विहिरीचं पाणी टँकरनं वाटलं. सभेला येणारे गवई आमच्याच घरी उतरायचे. आता मिल आम्ही भावंडं बघतो. वडिलांनी चाळीस लाख रुपये गावासाठी बाजूला काढलेत. धाकट्या भावाच्या मनात त्यांच्या नावाचं सभागृह बांधायचं आहे. वडील एवढंच म्हणतात, ‘तुम्ही ठरवा.’ काय करावं?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : दादा, आधी वडिलांना माझा नमस्कार सांगा. मीसुद्धा एका तालुक्याच्या गावी संगीत सभेची खजिनदार होते आणि पोटापाण्यासाठी न्यासांचे हिशेब तपासत आले. त्यामुळे तुमच्या वडिलांसारखी माणसं मला जवळून ठाऊक आहेत.

आमच्या सभेलाही असे एक शेठजी होते, सरकीचे व्यापारी. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारलाच मंडपात यायचे. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, कलाकारांच्या खोलीत पाणी भरलंय का, तंबोरे उन्हात तर ठेवले नाहीत ना, सगळं स्वतः बघायचे. बिदागीची पाकिटं कार्यक्रमाआधीच तयार असत आणि तबलजी, पेटीवाला, तंबोऱ्यावर बसणारी मुलं या प्रत्येकाचं पाकीट वेगळं, त्यावर नाव त्यांच्या हाताचं. मुख्य गायकाच्या हाती एकच रक्कम द्यायची आणि बाकीच्यांचं तुमचं तुम्ही बघा म्हणायचं, हे त्यांनी कधी होऊ दिलं नाही. साथीला आलेला माणूस घरी जाताना आपल्याला किती मिळाले हे कुणाला विचारत बसू नये, असं ते म्हणत. मला हे कुठल्याही देणगीच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

आता सभागृहाचं बोलू. माझा सल्ला स्पष्ट आहे : बांधू नका. चाळीस लाखांत धड सभागृह उभंच राहत नाही, पत्र्याचा हॉल होतो. उसनवारी करून उभं केलंच, तरी वीजबिल, रखवालदार, मालमत्ता कर, स्वच्छतागृहं, पडदे, गळणारं छत हा खर्च वर्षानुवर्षं कोण करणार? मी तपासलेल्या हिशेबांत अशी सभागृहं भेटली आहेत. उद्घाटनाचा खर्च ठळक दिसतो, नंतर दोन-तीन वर्षं नाटकाच्या भाड्याच्या तुरळक नोंदी येतात आणि मग फक्त लग्नांचं भाडं. पुढे तेही नाही. दारावरचं नाव मात्र तसंच. ज्या माणसानं आयुष्यभर कलाकाराची सोय बघितली, त्याच्या नावाखाली बंद कुलूप असावं, हे मला सहन होत नाही.

त्याऐवजी या पैशाचा कायम निधी करा. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज खर्च करायचं. साडेसहा टक्के धरले तर वर्षाला 2,60,000 रुपये येतात. त्यातले 60,000 दरवर्षी मुद्दलातच मिळवा, नाहीतर महागाई तो निधी हळूहळू खाऊन टाकेल. उरतात दोन लाख. संगीत शिकणाऱ्या दोन गरजू मुलांना महिना दोन-दोन हजार दिले तर 48,000 झाले. सभेच्या वार्षिक कार्यक्रमाला 1,10,000. राहिलेल्या 42,000 मध्ये वाचनालयाची मासिकं-वर्तमानपत्रं, तंबोऱ्यांची जवारी आणि तबल्याच्या पुड्या. व्याजाचा दर खाली-वर होईल तसा खर्च बेताचा करा, पण मुद्दलाला हात लावू नका.

ही पद्धत आपल्या मातीतली आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्यानं 3,000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले : 2,000 दरमहा शेकडा एक व्याजानं आणि 1,000 दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत करायचं नाही, व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंचा वस्त्रांचा आणि इतर खर्च चालवायचा. मुद्दल किती, ठेवलं कुणाकडे, दर काय, खर्च कशावर, चारही गोष्टी दगडात कोरलेल्या. आजच्या कित्येक न्यासांच्या ठरावांत यातल्या दोनच सापडतात, म्हणून हा लेख मी नव्या विश्वस्तांना आवर्जून सांगते.

व्यापाऱ्याचं दानही मराठवाड्याला नवं नाही. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात एका खांबावर पैठणच्या मितदेवाचं नाव आहे. तो गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातला. दुसऱ्या खांबावर पैठणच्याच संघकाच्या मुलांचं दान नोंदलं आहे. तिथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर तर ती घडवणाऱ्या कान्हदास या सोनाराचं नाव कोरलं आहे. देणाऱ्याचं नाव राहिलं तसं घडवणाऱ्याचंही राहिलं, याचा मला फार आनंद होतो. आपलं भोकरदन म्हणजे तेव्हाचं भोगवर्धन. तिथल्या दात्यांचे उल्लेख पार मध्य भारतात, सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर आहेत.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर जमशेद भाभांचं घ्या. टाटा समूहातले हे ज्येष्ठ अधिकारी. जे. आर. डी. टाटांच्या साथीनं त्यांनी 1969 मध्ये मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजे एनसीपीए, सुरू केलं आणि पुढे जवळजवळ चार दशकं, 2007 साली जाईपर्यंत, त्यात जीव ओतला. नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून केलेल्या जागेवर ती वास्तू आहे. 1997 मध्ये तिथलं नवं मोठं नाट्यगृह बांधून होत असतानाच आगीत गेलं. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. नाट्यगृह पुन्हा उभं राहिलं आणि 1999 मध्ये उघडलं. जाताना त्यांनी मलबार हिलवरचा आपला ‘मेहरांगीर’ बंगलाही केंद्राच्या नावे केला. हे त्यांचे भाऊ, अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचं घर. तिथं होमी भाभांचं स्मारक व्हावं अशी मागणी झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी 2014 मध्ये लिलावात बंगल्याचे 372 कोटी रुपये आले आणि ते केंद्राच्या कामी लागले. बंगला पुढे पाडला गेला. स्मारक मागणाऱ्यांचं दुःख मला कळतं, ती वास्तू राहायला हवी होती असं माझंही मन म्हणतं. पण देणाऱ्यानं घर दिलं होतं ते केंद्र चालावं म्हणून, आणि निर्णय देणाऱ्याच्या इच्छेकडे बघूनच करायचा असतो.

म्हणून वडिलांना पुन्हा विचारा, पण प्रश्न बदलून. ‘काय बांधू?’ असं नको. ‘तुमच्यामागे काय बंद पडलेलं तुम्हाला चालणार नाही?’ असं विचारा. त्याचं उत्तर ते देतील असं मला वाटतं.

मग कागदपत्रं. सभा आणि वाचनालय धर्मादाय कार्यालयात नोंदलेले आहेत का, विश्वस्त बदलल्यावर बदल अर्ज गेले आहेत का, ते आधी बघा. तो अर्ज 90 दिवसांत द्यायचा असतो आणि गावोगाव हेच राहून गेलेलं असतं. कागदावर अजून दिवंगत विश्वस्तच असतात. पैसे देताना ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असं वडिलांच्या सहीचं पत्र सोबत द्या. ते पत्र नसेल तर ती देणगी संस्थेचं त्या वर्षीचं उत्पन्न ठरू शकते, आणि साधारणपणे उत्पन्नातले 85 टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात. रक्कम चेकनं किंवा बँकेतूनच द्या, दोन हजारांवरच्या रोख देणगीला 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत नाही. वडिलांनी आयकराची नवी पद्धत घेतली असेल तर ती सवलत तशीही मिळणार नाही.

आणि हात जोडून सांगते, एक-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून हा पैसा पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेट सहकारी संस्थेत ठेवू नका. मराठवाड्यात अशा ठेवींपायी किती घरं रडली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा हे कायद्यानंच ठरवून दिलंय : शेड्यूल्ड बँक, टपाल खातं, सरकारी रोखे. व्याज थोडं कमी येईल, येऊ द्या.

प्रश्न : आमचं भारूड आणि संबळाचं पथक आहे. शेंद्रा-वाळूजच्या कंपन्यांकडून सीएसआरचे पैसे मिळतील का? दोनदा मागितले, नकार आला.
– पैठण तालुक्यातून एक ताई

उत्तर : मिळू शकतात. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यांपैकी एका तरी मर्यादेला पोचतो, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तोच सीएसआर. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कलांचं संवर्धन स्पष्ट लिहिलं आहे, आणि कारखाना जिथं आहे त्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. तेव्हा ताई, तुम्ही उपकार मागायला जात नाही, ताठ मानेनं जा.

नकार बहुधा दोन कारणांनी आला असेल. पथकाची नोंदणीकृत संस्था, आयकरातली 12ए व 80जी नोंदणी, सीएसआरचं काम करण्यासाठीचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक आणि कामाची तीन वर्षं, एवढं लागतं. ते नसेल तर जवळच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज करा. दुसरं म्हणजे तुम्ही एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी पैसे मागितले असणार. एकवेळच्या कार्यक्रमाचा खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. वर्षभर शाळेतल्या मुलामुलींना संबळ शिकवण्याचा प्रस्ताव द्या : शिकवणाऱ्याचं मानधन, वाद्यं, मुलांच्या जाण्यायेण्याचा खर्च. संबळ वाजवणारा हात तुमच्या पथकात आहे, तो दहा लेकरांपर्यंत कसा पोचेल ते अर्जात लिहा.

प्रश्न : आजोबांनी जमवलेली नाणी, मातीच्या मूर्ती, पोथ्या घरात पडून आहेत. विकाव्यात की द्याव्यात?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : द्याव्यात, आणि तुमच्यापासून लांब जायलाही नको. तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावानं आहे, कारण तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, मिळालेल्या वस्तू त्यांनी जिवापाड जमवल्या. तेर म्हणजे जुनं तगर, ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या जोडीनं आलेली व्यापारपेठ. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली नसेल तर घरच्यांना घेऊन जाच. तशीच एक मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली निघाली होती. पैठणलाही बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं असंच शासकीय संग्रहालय आहे.

देण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा आणि ती आजोबांना कुठे मिळाली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात, मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि परदेशी विकणं गुन्हा आहे. पोथ्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, स्वच्छ सुती कापडात बांधा. पावसाळ्याआधी हे काम उरका.