तुझ्या मराठीला तिथे किंमत आहे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी तासगावची. यंदा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. झाले. मला संशोधन सहायक म्हणून काम करायचंय, पण ज्या त्या जाहिरातीत 'एक वर्षाचा अनुभव' मागतात. चौदा ठिकाणी बायोडेटा पाठवला, एकाचंही उत्तर नाही. माझं इंग्रजी बेताचंच आहे. एका ठिकाणी सहा महिने बिनपगारी या म्हणतात. जाऊ का? घरच्यांनी बी.एड.चा धोशा लावलाय.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तुझा बायोडेटा दोनदा वाचला. सुरुवातीलाच 'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी', आणि अगदी तळाला एक ओळ : 'लघुप्रबंध – द्राक्ष बागायतदारांमधील ताण'. अगं, ऐन छाटणीच्या दिवसांत बागेच्या बांधावर बसून नव्वद जणांकडून प्रश्नावली भरून घेतलीस, हे मला पत्राच्या मागच्या पानावरून कळलं. हाच तर अनुभव! किती जणांना भेटलीस, किती जणांनी नकार दिला, संमती कशी घेतलीस, आकडेमोड कशात केलीस, हे सगळं वर आण. 'मेहनती' खोडून टाक.

इंग्रजीचं म्हणशील, तर वाचण्यापुरतं आणि मेल लिहिण्यापुरतं ते हवंच, त्यासाठी रोज तासभर दे. पण तुझ्या मराठीला तिथे किती किंमत आहे, ते सांगते. २०१९च्या पुरानंतर मी एका अभ्यासासाठी सांगलीवाडीत मुलाखती घेत होते. हातात पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. तिसरा प्रश्न झोपेचा, गेल्या दोन आठवड्यांतला. एक मावशी म्हणाल्या, "झोप कुठली बाई, पावसाचा आवाज आला की उठून पाणी बघून येतो आम्ही." आता हे नैराश्य की पुराची धास्ती? ते ठरवणं माझं काम नव्हतं. मी प्रश्न आणि चारही पर्याय पुन्हा तसेच वाचले, त्यांनी 'जवळजवळ रोज' म्हटल्यावर खूण केली आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं समासात लिहून ठेवलं. पुढे बैठकीत त्या समासातल्या वाक्यांवरच जास्त बोलणं झालं. 'अर्ध्याहून जास्त दिवस' हा पर्याय तर कुणालाच चटकन कळेना. 'चौदातले आठ-नऊ दिवस' असं सांगायचं ठरलं, पण आम्ही पाचही जणींनी तेच शब्द वापरायचे, हेही ठरलं. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. त्यावर 'हो' आलं तर लगेच कुणाला फोन करायचा, हे माहीत नसेल तर घराबाहेर पडायचंच नाही. आज निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तरी आहे.

हे काम इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्याला जमेलच असं नाही. तासगावच्या बाईच्या बोलण्यातलं 'जीव लागंना' तुला समजावून घ्यावं लागत नाही.

ही पदं शोधायची कुठे? ती बहुतेक प्रकल्पापुरती असतात, सहा महिने, वर्षभर; अनुदान संपलं की पद संपलं. हे घरी आधीच सांगून टाक. बंगळूरची मानसिक आरोग्य संस्था निम्हान्स, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (टिस), पुण्यातलं इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र यांची संकेतस्थळं दर सोमवारी बघ. आयसीएसएसआरचा, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचा, प्रकल्प मिळालेले प्राध्यापक आपल्या कॉलेजच्या संकेतस्थळावर जाहिरात टाकतात, ती पेपरात येईलच असं नाही. यूजीसीच्या नेट या परीक्षेचा अर्जही भरून ठेव. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार मिळतात.

बिनपगारी जाऊ नकोस. मी गेले होते. आठ महिने दुसऱ्यांच्या मुलाखती ऐकून कागदावर उतरवल्या, आणि शेवटी साधं अनुभवाचं पत्रही हाती आलं नाही. त्याचा त्रास मला अजून होतो. जायचंच झालं तर काम काय, दिवस किती, प्रवासखर्च कोण देणार आणि शोधनिबंधात नाव येणार का, हे आधी लेखी घे. लेखी द्यायला का-कू करतील तिथून सरळ परत ये.

चौदा ठिकाणी एकच मेल गेली, ते बंद कर. एकच प्राध्यापक निवड, त्यांचा एक शोधनिबंध नीट वाच, त्यातली न कळलेली एक गोष्ट विचार आणि मग तुझ्या नव्वद शेतकऱ्यांबद्दल चार ओळी लिही. त्याआधी जामोवी हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उतरवून घे, फुकट आहे. त्यात तुझीच आकडेवारी पुन्हा भर. लघुप्रबंधाच्या कोष्टकात तुझी बेरीज ८९ येते, ९० नाही. तो एक शेतकरी कुठे गळला ते शोध, मगच मेल लिही. पाठवायच्या आधी मला दाखव.